मार्थाबाईंच्या शाळेतलं मडकं

मारेगावची शाळा गोवराच्या साथीने आठवडाभर बंद पडली, आणि शांतवन कंपाउंडरने जेवता जेवता आईच्या काळजाला हात घातला.

"रिबूले जूनपासून यवतमाळच्या बोर्डिंगात टाकतो. इथं नुसता अभ्यास बुडून राह्यला."

मार्थाबाईंच्या हातातली भाकर परातीतच राहिली. रिबू त्यांची थोरली नात. धाकटी लेआ आईजवळ झोपायची. रिबू मात्र पाळण्यातून उतरली ती थेट आजीच्या गोधडीत आलेली. गोधडीतली ती जागा रिकामी होणार?

"काहून? घरी शिकत नाही का पोट्टी? मिशनच्या मॅडमची लेकरं बंगल्यातच शिकली. सकाळी प्रार्थना, मंग रानात झाडं-पाखरं पाहणं, संध्याकाळी सारं घर मिळून गाणं. मी त्यायची आया होती. तवा काय डोळे मिटून बसली होती?"

"आई, तू दुसरी शिकलेली."

"दुसरी पास!" मार्थाबाई कडाडल्या. "रविवारी वणीहून उपासनेले पाळकसाहेब येतात न? त्यायनं परीक्षा घ्यावी. पोट्टीनं धडाधड सांगितलं, तर बोर्डिंगचं नाव काढायचं नाही."

शांतवन कबूल झाला. आईशी वाद घालून जिंकलेला माणूस त्या घरात अजून जन्मायचा होता.

पुस्तक नव्हतं, पण एक वेळापत्रक मार्थाबाईंना तोंडपाठ होतं. बायबलात देवाने सहा दिवसांत जग ज्या क्रमाने घडवलं, त्याच क्रमाने शिकवायचं. त्यात चूक काढायची हिंमत कोणत्या मास्तराला होणार?

सोमवारी अंधार आणि उजेड. नातींना कोठीच्या खोलीत कोंडलं, मग दार उघडलं. धडा संपला. मंगळवारी पाणी वेगळं केलं. अर्धं रांजणात, अर्धं कोऱ्या मडक्यात. "हे शाळेचं पाणी हाये. कोणी हात लावला तर बोटं मोडीन."

बुधवार झाडांचा. मार्च सरत आला होता, शिवारात मोह टपटपत होता. उजाडायच्या आत सारं घर टोपल्या घेऊन निघालं, दवाखान्यात जाण्याआधी शांतवनसुद्धा. मार्थाबाईंनी भजन धरलं, सुनेने मागून ओढलं. पिवळसर, रसरशीत फुलं दवात पडलेली. लेआने वेचली त्यापेक्षा खाल्ली जास्त. येताना एस्तेर सासूकडे पाहून मनापासून हसली आणि सासूही चक्क हसली. पुढे कित्येक वर्षं मोह फुलला की घरात त्या सकाळची आठवण निघायची, आणि जो तो म्हणायचा, तशी फुलं मग कधी पडलीच नाहीत.

घरी आल्यावर मार्थाबाईंनी ती फुलं शाळेच्या पाण्यात ओतली.

"आत्याबाई," एस्तेर घाबरून म्हणाली, "मोह कायले भिजवता? त्याची दारू होते न."

"भट्टीबिगर कुठं दारू होते व? फूल देवानं केलं, भट्टी सैतानानं. आपल्या घरी भट्टी हाये का?"

एस्तेरने रिकाम्या टोपल्या उचलल्या. दारूबद्दल मार्थाबाईंना शिकवायचं कोणी? उपासनेला येणाऱ्या मंडळीतल्या बळीरामाच्या तोंडाला एकदा वास आला, तर याच बाईंनी त्याला प्रभुभोजनाला बसू दिलं नव्हतं.

गुरुवारी सूर्य. तोंडाला फडकं बांधून मडकं अंगणात उन्हात ठेवलं आणि त्याची सावली कशी सरकते ते नातींना पाहायला बसवलं.

"आजी, मडकं बुडबुड करून राह्यलं," रिबू म्हणाली.

"करणारच. जग तयार होऊन राह्यलं."

शुक्रवारी पाखरांचा धडा, आणि पाखरू आपल्या पायांनी शाळेत आलं. शेजारच्या खातूनबीच्या कोंबड्याने फडकं ओढून मडक्यात चोच घातली. भर दुपारी तो कुंपणावर चढून आरवला, तोल जाऊन पडला आणि पडल्या पडल्या पुन्हा आरवला.

"काय व मार्थाबाई, माह्या मुर्ग्याले काय चारलं? खुदा कसम, कोंबडीले सोडून बकरीच्या मागं लागला!"

"ऊन लागलं असंल," मार्थाबाई म्हणाल्या आणि मडकं घरात नेलं. शनिवारी जनावरांच्या धड्याला बकरीने मडक्यातून खाली सांडलेली फुलं खाल्ली आणि लिंबाच्या झाडाला टकरा दिल्या. तिलाही ऊनच लागलं.

रविवारी उपासना शांतवनच्याच ओसरीवर होती. पाळकसाहेबांनी प्रार्थनेला डोळे मिटले आणि नाक उघडं राहिलं. आमेन झालं. सगळ्यांच्या माना सवयीने बळीरामाकडे वळल्या.

"मी नाही जी!" बळीराम रडकुंडीला आला. "लेकराची आण! वास घरातून येऊन राह्यला. मी तर नुसता बसलो हावो."

मार्थाबाईंनी घाईघाईने रिबूला पुढे ढकललं. "पाळकसाहेब, परीक्षा घ्या."

"सांग बाळ, आठवडाभर काय शिकलीस?"

रिबू ताठ उभी राहिली. "आधी कोरं मडकं घ्यायचं. त्यात पाणी. पाण्यात मोहाची फुलं. फडकं बांधून उन्हात ठेवायचं. बुडबुड झालं की मंग कोंबडा पडते, दुसऱ्या दिवशी बकरी पडते." श्वास घेऊन तिने पुढे जोडलं, "अन् देवानं पाहिलं, तं सारं चांगलं होतं."

ओसरीवर कोणी हसलं नाही, कारण मार्थाबाई बघत होत्या. बळीराम मात्र मन लावून ऐकत होता. शेवटी पाळकसाहेबच तोंडावर रुमाल धरून खोकले. "पोरगी पाहते, लक्षात ठेवते आणि खरं सांगते. परीक्षा पास."

"शर्त तू जिंकली, आई," शांतवन हळूच म्हणाला. "आता तू म्हणशील तसं."

मार्थाबाई हुश्श करणार, तोच रिबूने पदर ओढला. "आजी, भट्टी तर नव्हती. मंग झालं कसं?"

'मले माहीत नाही' हे शब्द मार्थाबाईंच्या तोंडातून आजवर निघाले नव्हते, आणि साऱ्या मंडळीदेखत तर निघणारच नव्हते. त्यांनी नातीचे केस उगीच कानामागे सारले, पुन्हा पुन्हा सारले.

"ते," त्या म्हणाल्या, "यवतमाळच्या शाळेत सांगतात."

मडकं रिकामं करायला बळीराम आपणहून उठला. "तू बस," मार्थाबाई म्हणाल्या आणि डोळे पुसत स्वतःच ते उकिरड्याकडे घेऊन निघाल्या. खातूनबीचा कोंबडा मोठ्या अदबीने त्यांच्या मागोमाग गेला.