ओठ जागा होईस्तोवर

संध्याकाळी सहाला बुवांच्या बासरीची पहिली स्वतंत्र मैफल, आणि दुपारी तीनला बुवा दातांच्या दवाखान्यात आडवे! वीस वर्षं गायकांच्या मागे बसून साथ केल्यावर आज कुठे रंगमंचाच्या मधोमध बसायचं होतं, आणि नेमका सकाळपासून दाढेनं ठणका धरला होता. नशिबानं डॉक्टर सख्खी मेहुणी होती.

"भावजी, दहा मिनिटांचं काम. सुईनं जरा बधिर करते."

"ओठाला काही होणार नाही ना?" बुवांनी विचारलं, पण तोंडात कापूस असल्यामुळे ते "ओआआ आई ओआआ" एवढंच ऐकू आलं. "हो हो, झालंच," म्हणत मेहुणीनं सुई टोचली.

दाढ गप्प झाली. तिच्यासोबत खालचा ओठही गप्प झाला. साडेपाचला सभागृहामागच्या खोलीत बुवांनी बासरी ओठाला लावली, तर ती नेमकी कुठे टेकली हेच कळेना. फुंकर मारली. सायकलचं चाक बसावं तसा फुस्स आवाज आला.

"काय झालं?" तबलजी दचकला.

"ओठ व्हधिर झालाय!"

"कोण वजीर झालाय?"

बायकोनं घाईघाईनं बहिणीला फोन लावला. "चोळत राहा, उतरेल," असं उत्तर आलं. ती नवऱ्याचा ओठ दोन बोटांनी कणकेसारखा मळत असताना संयोजक आत आले, पाहून संकोचले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "सभागृह भरलंय. पडदा उघडतो."

"तुम्ही काहीतरी बोला," तबलजी कुजबुजला. "मी तबला लावत बसतो."

बुवा बोलू लागले. आपल्या बोळक्या गुरुजींनी वर्षभर एकच सूर कसा फुंकायला लावला, ते सांगितलं. "बासरी"ची दर वेळी "हासरी" होत होती. श्रोत्यांना वाटलं, हे गुरुजींची हुबेहूब नक्कल करताहेत. ते पोट धरून हसू लागले. मग त्या गायकाची गोष्ट निघाली, ज्याच्या पट्टीची बासरी बुवा घरी विसरले होते. अख्खी मैफल त्यांनी न फुंकता नुसती बोटं हलवली होती, आणि शेवटी गायकानं कडकडून मिठी मारून म्हटलं होतं, "आजच्यासारखी साथ तुम्ही कधीच केली नव्हती!"

पाऊण तास झाला. तबलजी अजून तबला लावतच होता. एवढ्यात हनुवटीवर लाळ ओघळली, आणि बुवांना ती जाणवली! त्यांनी झटकन बासरी उचलली. ओठाला बांबू लागला तेव्हा हरवलेलं माणूस भेटल्यासारखं त्यांना झालं. पुढची वीस मिनिटं त्यांनी ती अशी वाजवली की तबलजी दोनदा ठेका धरायचा विसरला. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

सकाळी संयोजकांचा फोन आला. "बुवा, पुढच्या महिन्यात पुन्हा तुम्हीच. चांगले दोन तास!"

बुवांचा ऊर भरून आला. "राग कुठला घेऊ?"

"तुम्हाला आवडेल तो. पण गुरुजींची नक्कल तासभर तरी हवी हं! आणि हो," संयोजक उदारपणे म्हणाले, "बासरी आणलीत तरी आमची काही हरकत नाही."