आज भाजी काय केली?

देवरावजी कंपाउंडर सुई टोचायच्या आधी भाजी विचारत. "आज भाजी काय केली?" माणूस 'वांगं' म्हणायला तोंड उघडी, आणि त्याचा शब्द पुरा होईपर्यंत सुई आत जाऊन बाहेर आलेली असे. आमच्या सौंसरच्या निम्म्या मोहल्ल्याला अंबाडीचं नाव काढलं की अजून कमरेत टोचल्यासारखं होतं.

एखादी मजुरीला जाणारी बाई म्हणे, "काही नाही केली, बापा." मग संध्याकाळी देवरावजींची बायको, सुमनकाकू, झाकलेली वाटी घेऊन तिच्या दारात. वाटीवर काकूंचं नाव कोरलेलं. रिकामी वाटी परत करायची नसते, आणि भरून द्यायला प्रत्येकीकडे काही असतंच असं नाही, त्यामुळे काकूंच्या निम्म्या वाट्या दुसऱ्यांच्याच घरात. एक आमच्याकडेही होती.

देवरावजींना दुसरा नाद एक्सपायरीचा. बिस्किटाचा पुडा असो की शाम्पू, हातात आला की उलटा करून तारीख वाचायची. माझ्या बहिणीला पाहायला पाहुणे आले होते, त्यांच्यासमोर यांनी शरबताची बाटली उलटी केली आणि सांगितलं, "दोन महिने झाले हिले जाऊन." पाहुण्यांनी ग्लास खाली ठेवले. लग्न जमलं, पण बहिणीच्या सासरचे आमच्याकडचा चहासुद्धा अजून वास घेऊन पितात.

औषधांबद्दल त्यांचं मत ठरलेलं. "सुई नवी पाहिजे, बाटली जुनी." म्हणजे औषध वीस वर्षं लोकांच्या अंगात जाऊन आलेलं असावं. कोरोनाची लस त्यांच्या हिशेबानं कालची.

मी बी.एस्सी. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली. लसीकरणाच्या कॅम्पात कॉम्प्युटरवर नोंदी करायचं काम मिळालं, तर ओळखपत्र गळ्यात घालून मी घरातही फिरे. दवाखान्यात काम करणाऱ्यांचा नंबर सगळ्यांच्या आधी होता. देवरावजी आले आणि माझ्या टेबलावर वाकले.

"पोरी, नाव चढव. सुई राहू दे."

"काका, तुम्ही भेऊन राहिले?"

"तीस वर्षं झाले टोचून राहिलो. जे औषध मले ठाऊक नाही, ते मी कोनाले टोचत नाही. मंग सोताले काहून टोचून घेऊ?"

मी त्यांना अँटिबॉडी समजावून सांगितली, आकृती काढून. त्यांनी पूर्ण ऐकली. "लय चांगली शिकली तू," म्हणाले. "चढव नाव."

मला टायफॉइड झाला होता तेव्हा रोज घरी येऊन सुई देणारा हा माणूस. मी 'लस दिली'चं बटण दाबलं. दुसऱ्या डोसालाही दाबलं. सर्टिफिकेट मोबाईलवर आलं, तर त्यांनी ते खालपर्यंत सरकवून एक्सपायरी शोधली.

मोहल्ल्यातले काहीजण तेच सर्टिफिकेट पाहून लस घेऊन आले. ते सगळे आज धडधाकट आहेत.

मग काकूंचा नंबर लागला. आधारकार्ड घेऊन त्या बाकावर बसल्या होत्या. मी नाव पुकारलं, तशा जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "त्यायनं नाही घेतली ना वो?"

मी आधारकार्डासाठी हात पुढे केला.

"सर्व्या गावाले सुई देनारा मानूस भेऊन राहिला, तं काही तरी असंलच."

"काही नाही काकू. घेऊन टाका तुम्ही."

"तू तं म्हनशीलच माय, तुही नोकरी हाय." आणि हसल्या. "त्यायनं घेतली का मी घेतो."

आधारकार्ड पदरात गुंडाळून त्या घरी गेल्या. मी पुढचं नाव पुकारलं.

त्या उन्हाळ्यात काकूंना ताप आला. दहा दिवस देवरावजींनी त्यांना आपल्या हातानं सगळ्या जुन्या बाटल्यांतली औषधं दिली. शेवटी नागपुरात बेड मिळाल्याचा फोन आला तेव्हा अँब्युलन्स वाटेत होती, आणि बेडचं काम उरलं नव्हतं. तोंडही पाहू दिलं नाही कुणी.

पंधरा दिवसांनी देवरावजी कॅम्पात आले. बाही खांद्यापर्यंत वर केलेली.

"टोच म्हनाव सिस्टरले."

मी नंबर टाकला. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत आलं, दोन्ही डोस पूर्ण. पुढं बटणच नव्हतं. मी म्हणाले, "काका, तुमचे दोन्ही झाले." हे बोलताना मला माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राची लाज वाटली.

"बरं," ते म्हणाले आणि काकू बसल्या होत्या त्या बाकावर जाऊन बसले. कॅम्प उठेपर्यंत. पुढच्या कॅम्पालाही आले, त्याच्या पुढच्यालाही. बाही वर करून बसत.

चौथ्या वेळी शेवटच्या बाटलीत एक डोस उरला. घेणारा कुणी येत नव्हता, आणि उघडलेली बाटली ठेवता येत नाही. सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं, मग बाकाकडे. "या काका," ती म्हणाली. नोंद करायचा प्रश्न नव्हता. जी लस त्यांनी घेतली नाही तिची नोंद मी केलेली आहे, जी घेतली तिची कुठेच नाही.

हजारोंना टोचणाऱ्या त्या माणसानं डोळे मिटले आणि टेबलाची कड घट्ट धरली. मला राहवलं नाही. त्यांचाच प्रश्न तोंडातून गेला, "काका, आज भाजी काय केली?"

सुई बाहेर आली. सिस्टरनं कापूस धरला. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"काही नाही," ते म्हणाले.

संध्याकाळी मी आमच्या फळीवरून काकूंची वाटी काढली, आलू-वांगं भरलं आणि झाकून घेऊन गेले. बटण मी दाबलं होतं, तेवढं तरी बोलायचं असं वाटेत ठरवलं होतं. बोलले नाही. देवरावजींनी वाटी दोन्ही हातांत घेतली. भाजीकडे पाहिलं नाही. काकूंच्या नावावरून अंगठा फिरवला, मग वाटी डोळ्यांपर्यंत उचलून खालून पाहिली. तारीख शोधायची त्यांची सवय.

"आनखी कोनाकोनापाशी हायेत वो ह्या वाट्या?" त्यांनी विचारलं.