काम करताना आढळल्याबद्दल

सुशांत खरवडकरला एक टेबल हवं होतं. मागणी एवढीच होती. पुढे जे काही वाढत गेलं त्याला तो एकटा जबाबदार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

जर्सी सिटीतल्या त्याच्या वन-बेडरूम घरात बेडरूम त्याच्या बायकोच्या, निधीच्या मीटिंगांकडे होती. हॉल तिच्या वडिलांकडे, म्हणजे मोरेश्वररावांकडे होता. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले मोरेश्वरराव सहा महिन्यांसाठी लेकीकडे आले होते, आणि टीव्हीवरच्या बातम्या शेजारच्या इमारतीलाही कळाव्यात अशी त्यांची भूमिका होती. उरलेल्या पॅसेजमध्ये इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून सुशांत उभ्याउभ्या कोड लिहायचा. महिनाअखेरीस क्लायंटपुढे त्याचा डेमो होता. डेमो फसला की प्रोजेक्ट जाणार, प्रोजेक्ट गेलं की नोकरी, आणि नोकरी गेली की व्हिसा. परवाच मॅनेजरने कॉलवर काळजीने विचारलं होतं, घरात कुणी भांडतंय का. कुणी भांडत नव्हतं, बातम्या चालू होत्या.

"अरे, बाहेर कुठेतरी जागा घे ना," निधी म्हणाली. "एक टेबल, एक खुर्ची. संपला विषय."

इथेच घोटाळा झाला. मुकाट्याने एक टेबल भाड्याने घ्यायचं सोडून सुशांतने बिल्डिंगच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, 'कुणाला इंटरेस्ट आहे का?' आपल्या माणसाला अडचण एकट्याने सोडवता येत नाही असं नाही हो, पण मग ती सोडवली म्हणून कौतुक कोण करणार?

पहिला उत्तर देणारा देवांग. हा इथेच जन्मलेला, आणि आईच्या धाकामुळे मराठी टिकवून असलेला. "ड्यूड, कोवर्किंग तर सगळेच करतात. आपलं कम्युनिटी-ड्रिव्हन करू. म्हणजे लाइक, सगळे डिसिजन्स सगळे मिळून घेणार."

"पण टेबलं असतील ना?" सुशांतने विचारलं.

"टेबलं काय यार, असतीलच."

ट्रेन स्टेशनजवळ बंद पडलेल्या एका चपलांच्या दुकानावर हॉल मिळाला. टेबलं आली, इंटरनेट आलं, कॉफीचं मशीन आलं. पहिल्या दिवशी सुशांत खिडकीपाशी बसला आणि सकाळभर एकानेही त्याला हाक मारली नाही. त्याला चक्क भरून आलं.

दुपारी जावयाने काय थाटलंय ते बघायला मोरेश्वरराव आले. मागे हात बांधून त्यांनी एक चक्कर मारली आणि विचारलं, "घटना कुठाय?"

"कसली घटना, बाबा?"

"संस्थेची. उद्या कुणी विचारलं, हा दिवा कोणत्या ठरावानुसार लावला, तर काय तोंड दाखवाल?"

असं कुणी विचारणार नव्हतं. पण प्रश्नाला उत्तर नाही म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे गंभीर झाले. देवांग तर भारावलाच. "वॉव काका, गव्हर्नन्स!" त्याच संध्याकाळी मोरेश्वरराव अध्यक्ष झाले, एकमताने. हात वर करताना सुशांत मनाशी म्हणाला, चला, निदान घरचा टीव्ही तरी बंद राहील.

कार्यकारिणीला बसायला जागा हवी, म्हणून टेबलं जोडून एकच लांबलचक टेबल करण्यात आलं. मग आल्या उपसमित्या. कॉफीच्या मशीनला लाल फीत बांधली होती आणि उद्घाटनाला प्रमुख पाहुणे मिळत नव्हते, त्यामुळे सगळे समोरच्या दुकानातून कॉफी विकत आणून मशीनशेजारी उभे राहून पीत. अल्पोपाहार उपसमितीच्या शोभनाकाकूंनी खिचडीत जिरं की मोहरी यावर मतदान घेतलं. मतं समसमान पडली, तेव्हा दोन्ही खिचड्या झाल्या आणि गट पडले. हॉलमध्ये फार गलबला होतो अशी तक्रार आल्यावर शांतता उपसमिती नेमली गेली. तिच्यात सगळ्यात मोठ्या आवाजाचे लोक घेतले, कारण त्यांना विषयाची जाण होती.

डेमो चार दिवसांवर आला तसा सुशांत झाडूच्या कपाटाशेजारी खुर्ची ओढून, मांडीवर लॅपटॉप आणि कानाला हेडफोन लावून बसू लागला. शोभनाकाकूंनी त्याचा एक हेडफोन उचलला.

"अरे सुशांत, तू येतोस, काम करतोस नि जातोस. हे काय बरं दिसतं? हे काय ऑफिस आहे का?"

"काकू, कामासाठीच तर ही जागा..."

"तोच तर तुझा प्रॉब्लेम आहे रे बाळा."

डेमोच्या आदल्या दिवशी विशेष सर्वसाधारण सभा भरली. विषय एकच होता: सभासद श्री. खरवडकर हे संस्थेच्या आवारात वारंवार काम करताना आढळल्याबद्दल.

"नथिंग पर्सनल, यार," देवांग कळवळून म्हणाला. "पण तुझी व्हाइब जरा जास्तच प्रॉडक्टिव्ह आहे. बाकीच्यांना गिल्ट येतो."

"अहो, पण मी संस्थापक आहे!" सुशांत ओरडला.

"म्हणून तर शाल आणली आहे," मोरेश्वरराव म्हणाले. "सासरा म्हणून मला वाईट वाटतं. अध्यक्ष म्हणून वाटत नाही."

संस्थापक म्हणून सत्कार आणि सभासद म्हणून हकालपट्टी, असे दोन्ही कार्यक्रम एकाच हारात उरकले. शेवटी आभारप्रदर्शन झालं. तेही सुशांतलाच करावं लागलं, कारण त्या उपसमितीत तो एकटाच होता.

सकाळी घरी काम करावं म्हणावं, तर हॉलमध्ये शांतता उपसमितीची बैठक भरली होती. तिकडे संस्थेत फार आवाज होतो म्हणून अध्यक्षांनी तिला घरी बोलावलं होतं. सुशांतने लॅपटॉप काखेत मारला, शाल गुंडाळली आणि लिफ्टने तळमजल्यावरच्या लाँड्री रूममध्ये गेला. तिथे कपड्यांच्या घड्या घालायचं एक टेबल होतं. कुणी त्याला ठराव विचारला नाही.

डेमो झकास झाला. क्लायंटने तिथल्या तिथे पुढचं काम दिलं. मॅनेजरने एवढंच विचारलं, तो घूंऽऽ असा छान शांत आवाज कसला आहे? "कपडे वाळताहेत," सुशांत म्हणाला, आणि कॉल संपल्यावर शालीत तोंड खुपसून मनसोक्त रडला.

दुसऱ्या दिवशी पद्मिनी आली. ठराव मांडला जात असताना क्लायंटचा फोन घेतल्याबद्दल तिलाही संस्थेतून काढलं होतं. तिच्यामागून अनिश आला, त्याने इंटरनेट वापरलं होतं. तिघं काही न बोलता टेबलाच्या तीन कडांना बसून काम करायचे. नोकरी शाबूत होती, व्हिसा शाबूत होता. सुशांतला आयुष्यात आणखी काहीएक नको होतं.

मग एका दुपारी अनिश म्हणाला, "किती मस्त चाललंय ना? कुणाला सांगायलाच नको. पण समजा, उद्या अजून कुणी आलं, तर? एखादा साधासा नियम असलेला बरा."

ड्रायर थांबला. सुशांतच्या डोळ्यांपुढून खिचडी गेली, लाल फीत गेली, हार गेला. नाही म्हणायचं, एवढंच करायचं होतं. त्याने तोंड उघडलं आणि त्याचाच आवाज त्याला ऐकू आला, "नियम करायला फक्त एक छोटीशी समिती नेमू."

पद्मिनीने हात वर केला.

हसताय? हसा, हसा. पण 'एखादा साधासा नियम असलेला बरा' हे वाचताना तुमची मान हलली होती, ते इथून दिसलं. ठराव मंजूर झाला आहे. अनुमोदक म्हणून तुमचं नाव घातलंय.