देवाच्या वस्त्रावरचा विक्रीकर

विघ्नहर्त्या श्रीगजाननास वंदन करून, त्याच्या आगमनास आठ दिवस उरले असताना, चोआ चू कांग ह्या सिंगापुरी वस्तीतील माझ्या एका शेजाऱ्यांचे हे चित्र वाचकांपुढे ठेवतो.

आपला भाऊ अमेरिकेत असतो असे कोणी सांगितले, तर दिनकरराव त्याची खुशाली विचारीत नाहीत, राज्य विचारतात. 'ऑरेगन' म्हटले की हात जोडतात. "पुण्यभूमी! विक्रीकरच नाही तिथे."

निवृत्तीनंतर ते दिवंगत पत्नीची रीत धरून घरी कापसाची गेजवस्त्रे करतात आणि एका वेबसाइटवरून अमेरिकेतील मराठी घरांना विकतात. त्यावरचा कर ती वेबसाइटच गिऱ्हाइकाकडून घेऊन परस्पर त्या त्या राज्यास भरते. दिनकररावांना त्यात काडीचे काम नाही. तरीही राज्याराज्याचे नियम त्यांना मुखोद्गत आहेत. पाठशाळेत मीही एवढी उजळणी केली नव्हती.

ह्या व्यासंगाचे मूळ म्हणजे त्यांची एकुलती लेक मृदुला, न्यू जर्सीतील करसल्लागार. तिच्या लग्नाला हे हट्टाने गेले नाहीत; तेव्हापासून तिचा फोन नाही. 'कशी आहेस?' ह्या ईमेलला उत्तर येत नाही. कराच्या शंकेला मात्र येते, नेमके दोन ओळींचे. म्हणून दिनकरराव शंका काढीत बसतात.

गेल्या आठवड्यात इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, म्हणजे इथल्या भाषेत व्हॉइड डेकवर, त्यांनी मला गाठले.

"शास्त्रीबुवा, न्यू जर्सीत कपड्यांवर कर नाही. मग गेजवस्त्र कपड्यात धरायचं की नाही?"

"देवाला वाहतात, म्हणजे वस्त्रच."

"पण सूट माणसाच्या अंगावरच्या कपड्याला आहे."

"मग उत्तर तुम्हाला ठाऊक आहे की!"

"हळू बोला हो," ते कुजबुजले. "तिला कळलं तर लिहायची थांबेल."

मग त्यांनी खिशातून कागद-पेन काढून माझ्यापुढे धरले.

"प्राणप्रतिष्ठेनंतर मूर्ती देहधारी मानतात का, तेवढं लिहून द्या. शंका जरा भारदस्त होईल."

मी चार ओळी सशास्त्र लिहून दिल्या. त्यांत एक अक्षरही खोटे नव्हते.

आज सकाळी माझी पूजा आटोपते न आटोपते तोच ते दारात, फोन पुढे करून उभे.

"तुम्हीच वाचा. चष्मा घरी राहिला."

चष्मा नाकावरच होता. मी वाचू लागलो.

"बाबा, गेजवस्त्रावर कर लागतो. नियम तुम्हाला पाठ आहेत हे मला पहिल्याच ईमेलला कळलं होतं. तरी उत्तरं देत राहिले. यंदा आम्ही गणपती आणतोय. आईसारखं गेजवस्त्र मला जमत नाही. विकत नको, शिकवा. तुमच्या आजच्या संध्याकाळी फोन करते."

दिनकरराव उंबऱ्यापाशीच खाली बसले.

"शास्त्रीबुवा, आधी काय बोलू? ह्यावर मी काहीच वाचलेलं नाही."

"आधी तिचं ऐका," मी म्हणालो.

संध्याकाळ फार दूर होती. ते तिथेच बसून राहिले, फोन दोन्ही हातांत धरून.

वाचकहो, श्रीगजानन आपले व आपल्या कुटुंबाचे कल्याण करो, आणि दूरदेशी गेलेल्या लेकरांचा आवाज आपल्या घरी नित्य ऐकू येवो.