इंजिनाची कवळी

दुपारी जेवणाच्या टेबलावर ताटाशेजारी इंजिन उभं होतं. बायको भाजीचं भांडं घेऊन आली आणि तशीच थांबली.

"अहो, याला दात आलेत!"

"छान दिसतात ना?"

"छान? कुणाचे आहेत हे?"

"कुणाचेच नाहीत. बाद झालेली कवळी आहे. डॉक्टरांनी टाकूनच द्यायला सांगितली होती."

"मग टाकायची ना! जेवणाच्या टेबलावर कशाला आणायची?" असं म्हणून तिने भाजी वाढली, पण खुर्ची मात्र इंजिनापासून हातभर लांब ओढून घेतली.

तिचंही बरोबर होतं. नवरा कवळ्या बनवतो हे तिने लग्नाआधीच मान्य केलं होतं. तो खेळण्यातल्या आगगाड्यांचा वेडा आहे हे लग्नानंतर कळलं, तेही तिने गोड मानून घेतलं. पण या दोन गोष्टी एकत्र येतील असं तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

छोट्या आगगाड्या करणाऱ्यांच्या मंडळात या गृहस्थाला सगळे 'उत्तेजनार्थ' म्हणत. दरवर्षी प्रदर्शनात त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळायचं, दुसरं काही नाही. पहिलं नाही, तिसरंसुद्धा नाही. त्याच्या गाड्या स्वच्छ, सुबक, रुळावरून न घसरणाऱ्या. परीक्षक यायचे, "वा, नीटनेटकं आहे" म्हणायचे आणि पुढच्या टेबलाकडे सरकायचे. नीटनेटकं! हा शब्द ऐकला की त्याच्या डोक्यात तिडीक जायची. यंदा विषय आला, 'जग संपल्यानंतर'. उत्तेजनार्थाने मनाशी ठरवलं, यंदा पहिलं आणायचंच. नाही आलं तर सगळे रूळ उचलून भंगारात.

मग त्याने आपलं सगळ्यांत देखणं इंजिन घेतलं आणि त्याची पार दशा करून टाकली. चाकांवर घड्याळाचे स्टीलचे पट्टे चढवून रणगाड्यासारखे साखळपट्टे केले. कवळीला मजबुती यावी म्हणून तिच्यात घालतात ती बारीक जाळी खिडक्यांना लावली. दात सरळ करायच्या तारेचं काटेरी कुंपण छपरावर गुंडाळलं. पत्र्याचे तुकडे कापून, वाकवून, ठोकून त्याचं चिलखत केलं आणि त्यावर विटेची पूड मिसळलेला गंजाचा रंग दिला. इंजिन असं झालं की घरी आलेल्या पाहुण्याने विचारलं, "हे पुरात सापडलं का?" उत्तेजनार्थ दिवसभर खूश होता.

एकच खोट राहिली होती. इंजिनाचं तोंड. सगळं अंग राक्षसाचं आणि तोंड मात्र गरीब गाईचं. तिथे जबडा हवा होता.

आणि आज सकाळी, प्रदर्शनाच्या दिवशीच, जबडा चालून आला. तो दवाखान्याच्या मागच्या खोलीत पॉलिशच्या मोटरवर काम करत होता. डॉक्टरांचे दोन्ही हात कुणाच्या तरी तोंडात होते, तिथूनच ते ओरडले, "अरे, वरची टाकून दे! आणि खालची बाईंची आहे, ती आज घरी पोचव!"

फळीवर दोन डब्या होत्या, एकीवर एक. वरच्या डबीत कधीची पडून असलेली एका पेशंटची कवळी. खालच्या डबीत बाईंची नवी. पण ज्याचा जन्म कवळ्या करण्यात गेला त्याला वरची म्हटलं की वरचा जबडाच दिसणार आणि खालची म्हटलं की खालचा. उत्तेजनार्थाने बाईंची डबी उघडली. वरची आणि खालची, दोन्ही शेजारी शेजारी. वरची तर काय सुंदर! त्याने स्वतःच एकेक दात लावला होता.

बरी असलेली कवळी का टाकायची, असा प्रश्न त्याला पडला नाही असं नाही. पडला. पण विचारायला गेलं तर उत्तर मिळतं, आणि उत्तर नको असलं की माणूस आपलं आपणच समजून घेतो. माप चुकलं असेल, नवी करायची असेल, असं म्हणून त्याने वरची कवळी रुमालात गुंडाळली, खालची डबीत घालून रिसेप्शनवरच्या मुलीच्या हाती बाईंकडे धाडली आणि शनिवारची अर्धी सुट्टी असल्याने थेट घर गाठलं. झटपट सुकणाऱ्या पुट्टीत कवळी रोवली, वर गंजाचा हात मारला. इंजिनाने असा काही जबडा वासला की त्याला स्वतःलाच क्षणभर भीती वाटली.

जेवण अर्ध्यावर आलं आणि फोन वाजला. डॉक्टर.

"अरे, बाईंना काय पाठवलंस तू? अर्धेच दात आलेत म्हणून त्यांची चिठ्ठी आलीय!"

"खालची पाठवली, सर. वरची टाकायची होती ना?"

पलीकडे डॉक्टरांनी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

"वरची म्हणजे वरची डबी रे, बाबा! वरची डबी!"

उत्तेजनार्थाच्या हातातला घास ताटात पडला.

"कचऱ्यात टाकलीस की काय?"

"नाही सर. आहे. एकदम... घट्ट आहे."

"घट्ट म्हणजे?"

तो सांगणार तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. मंडळाचे अध्यक्ष होते. याचा फोन लागत नव्हता म्हणून तिला केला होता. ते एवढे मोठ्याने बोलत होते की फोन कानाला लावायची गरजच नव्हती. "वहिनी, घोटाळा झालाय! हेडबाईंनी येत नाही म्हणून चिठ्ठी पाठवलीय! दात नाहीत तर भाषण नाही, आणि बाई नाहीत तर शाळेचा हॉल कसा मिळणार? प्रदर्शन रद्द करावं लागेल!"

हेडबाई म्हणजे शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका; हॉल अजूनही त्यांच्याच शब्दावर उघडायचा. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, उत्तेजनार्थसुद्धा. जुनी कवळी बेसिनमध्ये पडून फुटल्यापासून त्या तोंडावर रुमाल धरून बसायच्या, कुणाशी बोलायच्या नाहीत. ज्या बाईंच्या आवाजाने वर्ग चिडीचूप व्हायचा त्या चिठ्ठ्या लिहून दूध मागवत होत्या.

बायकोने फोन ठेवला, इंजिनाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"बाईंची आहे ना ही?"

उत्तेजनार्थाने मान डोलावली.

"काढा."

"अगं, पण निघणार नाही. तोंडच तुटेल. एवढ्या महिन्यांची मेहनत..."

"कळतंय मला. मीच बघितलीय ना मेहनत? पण त्या बिचाऱ्या घरात तोंड लपवून बसल्यात. काढा म्हणते ना!"

त्याने हलवून पाहिलं, ओढून पाहिलं, कवळी काही दाद देईना. शेवटी 'निघतच नाही' असा फोन केल्यावर डॉक्टर स्वतःच आले. येताना बॅग घेऊनच आले. इंजिन पाहून ते दारातच थबकले.

"हे काय आहे?"

"जग संपल्यानंतरचं चिलखती इंजिन आहे, सर."

"माझा दवाखाना संपल्यानंतरचं म्हण!" डॉक्टरांनी बाह्या वर केल्या. "वहिनी, जरा टेबल लॅम्प धरा. तू याला दाबून धर. हलू देऊ नकोस."

"सर, हळू हं."

"दुखतंय का त्याला? की भूल देऊ?"

डॉक्टरांनी दाढ काढायची पक्कड लावली. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग एक हिसका. कडाड! कवळी निघाली. तिच्याबरोबर पुट्टीचा ढलपा निघाला, पुढचा पत्रा फाटून उलटा झाला, एक साखळपट्टा सुटून भाजीत पडला. इंजिनाच्या तोंडाच्या जागी नुसतं भगदाड उरलं. उत्तेजनार्थाला अगदी रडू आलं. पेशंटला म्हणतात तसं डॉक्टरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "झालं, झालं, संपलं. आता चूळ भर," आणि मग ते स्वतःच ओशाळले.

मग तिघांनी मिळून कवळी घासली. ब्रशने, साबणाने, मग दवाखान्यात नेऊन मोटरवर. जंतुनाशकात बुडवली, वर पुदिन्याच्या माउथवॉशमध्ये घातली. गंज गेला. दात पुन्हा मोत्यासारखे झाले. डॉक्टर ती घेऊन बाईंकडे धावले.

उत्तेजनार्थ मात्र घरी येऊन बूट काढून बसला. "मी नाही जात. हे ध्यान घेऊन कुठे जाऊ?"

"जायचं," बायको म्हणाली. "मंडळाने जागा ठेवलीय, तिथे रिकामं टेबल बरं दिसेल का? आणि ऐका, मला नाही आवडायचं ते इंजिन. पण आता जरा आवडतंय. चला, मी धरते." तिने खरंच ते दोन्ही हातांनी उचललं. त्याला इतकं बरं वाटलं की त्याने मुकाट्याने बूट घातले.

हॉल उघडला होता. बाई व्यासपीठावर बसल्या होत्या, रुमालाशिवाय. उत्तेजनार्थाने आपलं टेबल मुद्दाम कोपऱ्यात घेतलं होतं, पण परीक्षक तिथेही पोचले. बाहेरून आलेले, दाढीवाले, स्वतः शिल्पकार. वाकले, चष्मा काढला, पुन्हा लावला. आणि बराच वेळ हललेच नाहीत.

"ही समोरची बाजू," ते म्हणाले, "ही तुम्ही कशी साधलीत? बाकीच्यांनी नुसता गंज रंगवलाय. इथे खरोखर काहीतरी ओरबाडून नेलंय हो! वेदना दिसतेय."

"ते डॉक्टरांनी केलंय," उत्तेजनार्थ प्रामाणिकपणे म्हणाला.

"विनयशील आहात," परीक्षक म्हणाले आणि वहीत काहीतरी खरडून पुढे गेले.

पहिल्या क्रमांकासाठी त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो जागचा हललाच नाही. बायकोने कोपराने ढोसलं. टाळ्यांत तो इंजिन घेऊन व्यासपीठावर चढला. बाईंनी खणखणीत आवाजात भाषण केलं होतं, शेवटच्या रांगेतली कुजबुजही पूर्वीसारखी थांबवली होती. त्यांनी ढाल त्याच्या हातात दिली, पण आपल्या हातातून सोडली नाही. वाकून इंजिनाच्या भगदाडात पाहिलं. तिथे उरलेल्या पुट्टीत कवळीचा अर्धगोल ठसा उमटला होता. बाईंची जीभ गालाआडून वरच्या दातांवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरली.

इतक्या वर्षांनीही उत्तेजनार्थाने छडीसाठी नकळत तळहात पुढे केला.

"तरीच म्हटलं," बाई त्यालाच ऐकू जाईल एवढ्या हळू बोलल्या, "मगापासून तोंडाला रंगाचा वास कसला येतोय."

"बाई, चुकलो. मी..."

"समोर बघ. फोटो काढतायत." बाई कॅमेऱ्याकडे पाहून सगळे दात दाखवून हसल्या आणि हसता हसताच म्हणाल्या, "इंजिनाला घट्ट बसली होती का रे? मला जरा सैल होतेय. उद्या घरी येऊन बघून जा."