टिटवीचा लेझर आणि सुधारणा समिती

एका जंगलात, बाळांनो, पाणी पिण्याआधी विचार करावा लागे. पाणवठ्याच्या वरच्या अंगाला कोल्ह्याने रंगाचा कारखाना काढला होता. पाण्यात अधूनमधून विष उतरायचं, पण दिसायचं नाही. एका हरिणीचं थोरलं पाडस त्यातच गेलं.

तिथल्या प्रयोगशाळेत रेवती नावाची टिटवी काम करायची. तिने विष ओळखणारा लेझर बनवायला घेतला. कार्बनी रसायनाचा, कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ. पाण्यात विष असलं की त्याचा किरण मंदावणार होता.

पण वीज सोडली की पापुद्रा जळायचा. टिटवी रडकुंडीला आली. मग तिला वाटलं, वीज पापुद्र्याला द्यायचीच कशाला? तिने खाली एक चपटा दिवा बसवला. वीज दिव्याला, दिव्याचा उजेड लेझरला. केसासारखा हिरवा किरण निघाला! विषारी पाण्यात तो मंदावलाही. हरिणीने तिचे पाय धरले.

यश आलं म्हटल्यावर सुधारणा समिती आलीच. अध्यक्ष गवासाहेब, सचिव कोल्हा.

"दोन थर कशाला?" गवासाहेब म्हणाले. "एकातच भागवा. आटोपशीर दिसेल."

"साहेब, वीज थेट दिली तर जळेल."

"तुमचा सूर फार नकारात्मक आहे, बाई."

दिवा काढला. त्या जागी गवासाहेबांचा फोटो बसवला.

उद्घाटनाला सिंहमहाराज आले. त्यांनी कळ दाबली. फुस्स! नुसता धूर.

कोल्हा पुढे सरसावला. "महाराज, किरण मंदावलेला दिसला का?"

"किरणच दिसला नाही."

"म्हणजे मंदावला नाही. पाणी शुद्ध आहे!"

टाळ्या पडल्या. "पिऊ नका!" टिटवी ओरडली. अफवा पसरवल्याबद्दल तिला तिथल्या तिथे निलंबित केलं.

"मग पहिला घोट समितीचा," महाराज म्हणाले.

गवासाहेबांनी पाण्याकडे पाहिलं. "घेतला असता, महाराज. पण आज माझा निर्जळी उपवास."

"माझाही," कोल्हा म्हणाला. बघता बघता साऱ्या समितीला उपवास आठवले.

हरिणीने धाकट्या पाडसाला मागे ओढलं. "चल बाळा," ती म्हणाली, "आज आपलाही उपवास."

तात्पर्य: यंत्र जळलं म्हणून हळहळू नये. पाणी पिण्याजोगं आहे का, हे साहेबांच्या उपवासावरून बिनचूक कळतं, आणि त्याला वीजही लागत नाही. तेव्हा शहाण्या राज्याने शास्त्रज्ञ कमी करून समित्या वाढवाव्यात.