दाणीकाकांचा घास

दाणीकाका उभ्याने जेवत, तेही दार लावून. रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमच्या दोन घरांची भिंत एक, त्यामुळे मला सगळं ऐकू येई. एक घास, मग पाण्याचे घोट, मग खोलीभर येरझाऱ्या. कोणी हाक मारली की आतून उत्तर यायचं, "थांब बाप्पा, माल उतरून राहिला."

आम्ही दोघं भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात कारकून. रायपूर नुकतंच राजधानी झालेलं, सिमेंटच्या गाड्यांची रांग संपत नव्हती. लग्नकार्यात काका आहेर देत आणि पंगत बसायच्या आत पसार होत. लोक म्हणत, भलतंच सोवळं. काकूंना वाटे, आपल्या हातचं यांना आवडत नाही.

त्या दिवाळीला ऑफिसात शेठजींनी स्वतःच्या हाताने त्यांना लाडू भरवला. "दाणी बाबू, आज मना मत करना."

काकांनी गिळला. तो खाली उतरावा म्हणून हात वर केले, मान ताणली, वर पाणी प्यायले. पाणी तसंच तोंडातून परत आलं. छाती धरून ते खाली बसले, सदरा घामाने चिंब. हार्ट अटॅक समजून आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं.

हृदय ठणठणीत निघालं. पांढरं औषध पाजून एक्स-रे काढला, दुर्बीण घातली. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायू गिळताना सैल पडायला हवा, काकांचा पडतच नव्हता. तोंडातून फुगा आत सोडून तो ताणायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं. नळी फाटली, तर मात्र लगेच ऑपरेशन.

काकू संमतीच्या कागदावर सही करेनात. "इतकी वर्षं मले सांगितलं काहून नाही?"

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "हिचा बाप हिच्यासमोर जेवता जेवता गेला. घास अडकला होता. लग्न झालं तेव्हा कोणी ठसकलं तरी ही थरथरे. हिच्यापुढं कसा जेवू मी?"

काकूंनी सही केली.

काकांना आत नेलं, आम्ही बाहेर बाकावर बसून राहिलो. नर्स बाहेर आली की काकू उठत, ती पुढे गेली की बसत. शेवटी डॉक्टर आले. नळी शाबूत होती.

काही दिवसांनी मी भेटायला गेलो. काकूंनी मऊ भात वाढला आणि सवयीने आत निघाल्या.

"बस न," काका म्हणाले. "सोबत जेवू."

त्या बसल्या. काका घास गिळत होते आणि काकू त्यांच्या गळ्याकडे बघत होत्या. स्वतःच्या ताटाला त्यांनी हात लावला नव्हता.

"जेव न, सुमन," काका हळूच म्हणाले. "मी हाओ इथंच."